लिनक्स टाकणे : सांगली-साताऱ्यातील एका खटपटीचा इतिहास

संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवण्याला सांगली-साताऱ्यातील महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत ‘लिनक्स टाकणे’ म्हणतात. या कामाचे चार भाग पडतात. आधी हार्ड डिस्कवर जागा करायची, म्हणजे पार्टिशन पाडायचे. मग त्या जागेत प्रणाली उतरवायची. त्यानंतर संगणक सुरू होताच विंडोज की लिनक्स असे विचारणारा बूटलोडर बसवायचा. शेवटी पडदा, आवाज, वायफाय, टचपॅड, झाकण मिटल्यावर लागणारी झोप, असे एकेक अंग चालते का ते तपासायचे. पहिली तीन कामे तासाभरात उरकतात. चौथे मात्र कधी पाच मिनिटांत होते, तर कधी आठवडा खाते.

हा आठवडा कोठे जातो, याचे उत्तर काळागणिक बदलत गेले. एकेकाळी तो डिस्कच्या भूमितीत जाई, नंतर मोडेममध्ये, मग वायफायमध्ये, पुढे यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरमध्ये. पण या सगळ्या अडचणींत एक सूत्र दिसते. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल जगभरचे लोक उघडपणे लिहितात. एखादा सुटा भाग कसा चालतो हे त्याच्या उत्पादकाने सांगितले, तर त्या भागाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये येतो आणि तो भाग निमूट चालतो. माहिती दडवली, की घोडे तिथेच अडते. त्यामुळे लिनक्स टाकताना आलेल्या अडचणींचा इतिहास हा संगणकाचा कोणता भाग केव्हा बंद होता आणि केव्हा उघडला, याचाही इतिहास ठरतो.

महाविद्यालयांची वाट

या दोन जिल्ह्यांत लिनक्स मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वाटेने आले. सांगलीत विश्रामबागेतील महाविद्यालय १९४७ मध्ये ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ या नावाने सुरू झाले आणि १९५५ मध्ये त्याला वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. १९८३ मध्ये मुख्यमंत्री असलेल्या, मूळच्या सांगली जिल्ह्यातील वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच लाटेत वाळवा तालुक्यात राजारामनगरला महाविद्यालय उभे राहिले. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचेही अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. ऊस, द्राक्षे आणि हळदीच्या या पट्ट्यात तासाभराच्या एसटी प्रवासाच्या अंतरावर संगणकशास्त्राचे वर्ग भरू लागले.

या वर्गांत युनिक्स शिकवले जाई. मॉरिस बाख यांचे युनिक्सच्या रचनेवरचे १९८६ मधील पुस्तक भारतातील अनेक विद्यापीठांत कार्यप्रणाली या विषयासाठी वापरले गेले आणि युनिक्सच्या आज्ञा शिकण्यासाठी सुमिताभ दास यांचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती असे. खरे युनिक्स मात्र महाग होते. त्याचा परवाना लागे आणि तो विद्यार्थ्याच्या ऐपतीतला नसे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण युनिक्ससारखी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले आणि मार्च १९९४ मध्ये तिच्या कर्नलची १.० ही आवृत्ती आली. ती साध्या ३८६ संगणकावर चाले, विकतचा परवाना मागत नसे आणि पुस्तकातल्या बहुतेक आज्ञा तिच्यावर जशाच्या तशा चालत. प्रॅक्टिकलला लागणारे युनिक्स घरच्या यंत्रावर आणण्याची ही परवडणारी सोय होती.

फ्लॉपी, सीडी आणि ‘एल-आय’

लिनक्सच्या सुरुवातीच्या वितरणांपैकी, म्हणजे तयार संचांपैकी, स्लॅकवेअर (जुलै १९९३) १.४४ एमबीच्या डझनावारी फ्लॉपींवर यायचे. त्यातली एखादी खराब निघाली की तिथपर्यंतची मेहनत वाया जाई आणि ती फ्लॉपी पुन्हा लिहून आणावी लागे. भारतात ही अडचण मासिकांनी दूर केली. ‘पीसी क्वेस्ट’ने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि पुढे तो वार्षिक रिवाजच झाला. २००३ च्या फेब्रुवारीत ‘लिनक्स फॉर यू’ हे केवळ याच विषयाला वाहिलेले मासिक सुरू झाले. इंटरनेट मिनिटांच्या हिशेबाने मिळण्याच्या काळात अंकातली सीडी हाच लिनक्स मिळण्याचा भरवशाचा मार्ग होता. एक सीडी मजलाभर फिरायची आणि परत येईपर्यंत तिच्यावर ओरखडे पडलेले असायचे.

सीडीवरून प्रणाली उतरायची, पण संगणक पुन्हा सुरू केला की काळ्या पडद्यावर इंग्रजी एल आणि आय अशी दोनच अक्षरे उमटायची आणि पुढे काहीच हलायचे नाही. हा त्या काळचा सर्वांत कुप्रसिद्ध बिघाड. लिलो नावाचा बूटलोडर स्वतःचे नाव एकेक टप्पा पार पडेल तसे अक्षराअक्षराने छापायचा. नुसता एल आणि पुढे आकडा दिसला, तर पहिला टप्पा सुरू होऊनही दुसरा डिस्कवरून वाचता आलेला नसे. एल-आय दिसले, तर दुसरा टप्पा वाचला गेला पण चालला नाही. तिसरे अक्षर उमटले, तर दुसरा टप्पा सुरू झाला पण त्याला पुढचा नकाशा सापडला नाही. चारही अक्षरे उमटली म्हणजे गाडी रुळावर. ज्याला हे माहीत होते त्याला अर्ध्या मिनिटात बिघाडाचे निदान करता येई. माहीत नसलेला मात्र सगळी डिस्क पुसून पहिल्यापासून सुरुवात करी.

यामागचे कारण डिस्कच्या मोजणीत होते. यंत्र सुरू करणारा जुना बायोस डिस्कवरचे पत्ते सिलिंडरच्या क्रमांकाने मोजी आणि त्याला १०२४ सिलिंडरांपलीकडचे दिसत नसे. ही मर्यादा साधारण ८.४ जीबीवर येई. नवी डिस्क दहा-वीस जीबीची, तिच्या सुरुवातीच्या भागात विंडोजचे सी आणि डी ड्राइव्ह आणि लिनक्स शेवटच्या कोपऱ्यात. साहजिकच लिनक्सचे कर्नल बायोसच्या नजरेपलीकडे पडे. यावर दोन उपाय होते. एक तर डिस्कच्या सुरुवातीलाच कर्नलसाठी काही एमबीचे छोटे पार्टिशन राखायचे किंवा दर वेळी फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे. ज्याची डिस्क आधीच भरलेली होती त्याच्या नशिबी फ्लॉपी आली. २००० मध्ये लिलोच्या नव्या आवृत्तीने मोजणीची नवी पद्धत स्वीकारली, २००१ च्या रेड हॅट ७.२ पासून ग्रब या बूटलोडरला पहिली पसंती मिळाली आणि ती दोन अक्षरे हळूहळू विस्मरणात गेली.

दुसरी अडचण याच्या उलट बाजूने यायची. व्हायरसमुळे विंडोज वरचेवर बिघडायचे आणि त्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे ‘फॉरमॅट मारणे’. विंडोज नव्याने टाकले की ते डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर स्वतःचा बूटलोडर लिहायचे आणि लिनक्स नाहीसे झाल्यासारखे वाटायचे. प्रत्यक्षात ते जागच्या जागी असे, फक्त त्याच्याकडे जाण्याची वाट पुसलेली असे. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये सीडीवरूनच थेट चालणारे नॉपिक्स आणले आणि या दुरुस्तीला हक्काचे हत्यार मिळाले. सीडीवरून यंत्र सुरू करायचे, डिस्कवरचे लिनक्स जोडून घ्यायचे, त्याच्या आत शिरायचे आणि ग्रब पुन्हा लिहायचा. ही रीत आज पेनड्राइव्हवरून अशीच चालते.

पडद्याचे दुखणे वेगळेच होते. खिडक्यांची व्यवस्था पाहणाऱ्या एक्सफ्री८६ला मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता आकड्यांत सांगावी लागे. हे आकडे मॉनिटरच्या पुस्तिकेत असत आणि जोडून घेतलेल्या संगणकाबरोबर ती पुस्तिका मिळेलच असे नसे. अंदाजाने मोठे आकडे भरले तर जुन्या मॉनिटरला इजा होण्याची भीती होती. म्हणून लहान आकड्यांपासून सुरुवात करून एकेक पायरी चढायची, हा शिरस्ता पडला.

वीज गेली तर

२००५ च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली. त्यानंतरची काही वर्षे महाराष्ट्राने, विशेषतः ग्रामीण भागाने, लांबलचक भारनियमन सोसले. लिनक्स टाकणाऱ्यासाठी ही नुसती गैरसोय नव्हती. लिनक्सची जुनी फाइल व्यवस्था ‘एक्स्ट २’ वीज अचानक गेली तर कोणते लिखाण अर्धवट राहिले याची नोंद ठेवत नसे. त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू होताना सगळी डिस्क पहिल्यापासून तपासावी लागे. मोठ्या डिस्कला त्यात बराच वेळ जाई. नुकसान जास्त असेल तर यंत्र मध्येच थांबून दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड मागे. एफएससीके ही आज्ञा चालवून येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणत राहणे एवढेच मग हातात उरे. वाचलेल्या पण बेवारस ठरलेल्या फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’ या कप्प्यात नावांऐवजी आकडे घेऊन सापडत.

यावरचा उपाय हिशेबाच्या रोजकीर्दीसारखा होता. नव्या ‘एक्स्ट ३’ने काय बदलायचे आहे ते आधी एका नोंदवहीत टिपायचे आणि मग प्रत्यक्ष बदल करायचा, अशी पद्धत घेतली. वीज गेली तरी परत आल्यावर फक्त वहीतल्या शेवटच्या नोंदी पाहून काम भागे. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ही व्यवस्था मुख्य कर्नलमध्ये आली. २००८ च्या अखेरीस ‘एक्स्ट ४’ आली आणि तपासणीचा वेळ आणखी घटला. याच सुमारास विद्यार्थ्यांच्या हाती डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप येऊ लागले आणि त्यांची बॅटरीच या दुखण्यावर औषध ठरली. फक्त लिनक्स टाकताना चार्जर जोडलेला असावा, हा नियम तेवढा उरला.

मोडेमपासून डोंगलपर्यंत

इंटरनेटच्या जोडणीत बंद भागाचा पहिला कडक अनुभव आला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सुरू केले आणि पुढची अनेक वर्षे ते दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमने यायचे. स्वस्तातल्या अंतर्गत मोडेमांत पुरेशी विद्युतरचनाच नसे. त्यांचे अर्धेअधिक काम विंडोजमधला प्रोग्रॅम करी. हे ‘विनमोडेम’ लिनक्समध्ये निव्वळ शोभेचे ठरत, कारण तो प्रोग्रॅम कसा लिहायचा हे उत्पादकाने सांगितलेले नसे. बाहेर ठेवायचा, सीरियल पोर्टला जोडायचा मोडेम महाग असे. पण तो ठरलेल्या आज्ञांवर चाले, त्यामुळे लिनक्सला तो चटकन ओळखता येई.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने डेटावन ही ब्रॉडबँड सेवा आणली आणि प्रश्न एकाएकी सोपा झाला. तिचा मोडेम लॅनच्या केबलने जोडता येई. लॅन कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये पूर्वीपासूनच होते. जोडणी प्रस्थापित करणारा पीपीपीओई हा शिष्टाचारही जाहीर होता. त्यामुळे उत्पादकाने लिनक्ससाठी काहीच न करताही सगळे चालले.

नंतरच्या डेटाकार्डांनी पुन्हा गोंधळ घातला. पेनड्राइव्हएवढे हे डोंगल यूएसबीत खुपसले की आधी स्वतःला सीडी म्हणवून घेई, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात ठेवलेला असे. विंडोजमध्ये तो ड्रायव्हर बसला की डोंगलचे मोडेमात रूपांतर होई. लिनक्समध्ये मात्र पडद्यावर एक सीडी दिसे आणि मोडेम काही उगवत नसे. ‘यूएसबी मोडस्विच’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने हे कोडे सोडवले. डोंगलला सीडीचे सोंग टाकायला लावणारा नेमका संदेश वेगवेगळ्या देशांतील लोकांनी एकेका प्रकारासाठी शोधून काढला आणि त्याची यादी सर्वांसाठी खुली ठेवली.

लॅपटॉपचे वायफाय

डेस्कटॉपचा न चालणारा भाग काढून दुसरा बसवता येतो. लॅपटॉपमध्ये ती सोय फारशी नाही, म्हणून लॅपटॉपवर लिनक्स टाकणे हा वेगळाच प्रकार झाला. यंत्र कंपनीने जसे घडवले तसेच स्वीकारावे लागते. २००३ नंतर लॅपटॉपमध्ये वायफाय सर्रास आले आणि पुढची दहा वर्षे तेच या खटपटीचे मुख्य ठाणे होते.

वायफायच्या चिपला दोन गोष्टी लागतात. कर्नलमधला ड्रायव्हर ही एक आणि चिपच्या आत भरायचे फर्मवेअर ही दुसरी. इंटेलने आपल्या चिपांचे ड्रायव्हर खुले करून फर्मवेअर तयार स्वरूपात दिले. ब्रॉडकॉमच्या चिपा मात्र दीर्घकाळ बंद राहिल्या. तेव्हा ‘एनडिसरॅपर’ नावाची आडवाट निघाली. विंडोजचा ड्रायव्हर घ्यायचा, त्याला विंडोजमध्येच असल्याचा भास करून द्यायचा आणि लिनक्समध्ये चालवायचा. दुसरीकडे काही जणांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून चिपेचा खुला ड्रायव्हर लिहिला आणि तो २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला. फर्मवेअर वाटण्याची परवानगी तरीही नव्हती. ते कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरमधून कापून काढावे लागे आणि त्यासाठी ‘फर्मवेअर कटर’ नावाचे स्वतंत्र हत्यार होते. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला, तेव्हा ही गाठ सुटू लागली.

गंमत अशी, की वायफायसाठी लागणारे फर्मवेअर इंटरनेटवरून उतरवायचे आणि इंटरनेट वायफायवरच अवलंबून. विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीतच पडलेला, असा हा प्रकार. वसतिगृहाची लॅन केबल असेल तर प्रश्न सुटे, नाहीतर मित्राच्या यंत्रावरून फाइल पेनड्राइव्हवर आणावी लागे. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि नवा दोर मिळाला. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू केले की लिनक्सला तो लॅन कार्डासारखा दिसतो आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पुढे रियलटेकच्या काही नव्या चिपांनी विद्यार्थ्यांना बराच त्रास दिला, तेव्हा बहुतेकांची सुटका या वाटेनेच झाली.

पडद्यावरचे मराठी

सुटे भाग चालले तरी मराठी दिसेलच असे नव्हते. देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये ठरला, पण छपाईच्या आणि कार्यालयांच्या जगात वेगवेगळ्या कंपन्यांचे फाँट चालत. त्यांची अंतर्गत मांडणी प्रत्येकाची स्वतंत्र होती. अशा फाँटात टाइप केलेली निमंत्रणपत्रिका किंवा अहवाल लिनक्समध्ये उघडला, की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसे. मजकूर खराब झालेला नसे. तो वाचण्याची किल्ली फक्त त्या एका विकतच्या फाँटात असे. इथेही मूळ दुखणे बंद मांडणीचेच होते आणि उतारा युनिकोडच्या जाहीर मांडणीचा.

युनिकोड आल्यावरही काही वर्षे जोडाक्षरे फुटून दिसत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडे. मराठीची खास कसोटी अर्ध्या ‘र’ची होती. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे सह्याद्रीतल्या खोल घळी. दोन्ही शब्दांत र आणि य आहेत, पण एकात रफार डोक्यावर चढतो आणि दुसऱ्यात र आडवा होऊन य ला चिकटतो. हिंदीला या आडव्या र ची गरज नसल्यामुळे हिंदीपुरते तपासलेले फाँट मराठीत इथेच अडखळत. नुसते ‘सातारा’ लिहिताना अडचण नाही, पण ‘साताऱ्यात’ म्हटले की ही कसोटी लागते. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त केले आणि अक्षरजुळणी करणारी पँगो व हार्फबझ ही साधने सुधारत गेली, तशी ही दुरुस्ती झाली. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्याआधीच्या यंत्रावर ‘ॲ’ असलेला मजकूर उघडला की त्या जागी रिकामी चौकट दिसे.

यंत्राच्या उंबरठ्यावर

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू हे वितरण आले. मागणी केल्यास त्याच्या सीडी टपालाने फुकट घरपोच येत आणि ही सोय २०११ पर्यंत चालली. २००६ पासून सीडीवर आधी प्रणाली चालवून पाहायची आणि पसंत पडली तर तिथूनच बसवायची, हे शक्य झाले. त्यामुळे वायफाय आणि आवाज चालतो का हे डिस्कला हात लावण्याआधीच कळू लागले. लिनक्स टाकणे आता सोपे झाले असे वाटत असतानाच अडचणीने जागा बदलली.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ आले आणि त्याबरोबर नव्या लॅपटॉपवर जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय आणि सिक्युअर बूट आले. या व्यवस्थेत ओळखीची डिजिटल सही असलेला बूटलोडरच फर्मवेअर चालू देते. लिनक्सच्या वितरणांनी ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहून त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतली आणि शिम पुढे ग्रबला हाक देऊ लागला. तरी हाताने बांधलेले ड्रायव्हर सहीविना असल्याने अडत. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने बूट झाला आणि विंडोज नव्या पद्धतीने बसलेले असले, तर दोघांना एकमेकांचा पत्ताच लागत नसे. ‘इन्स्टॉल झाले, पण मेनू येत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण निघते.

याच पिढीतल्या आणखी तीन खोड्या प्रसिद्ध आहेत. पहिली, विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’. यंत्र बंद केले तरी विंडोज प्रत्यक्षात अर्धझोपेत राहते, त्यामुळे लिनक्समधून डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. दुसरी, इंटेलची आरएसटी व्यवस्था. ती चालू असली की लिनक्सच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. सेटअपमध्ये जाऊन एएचसीआय हा पर्याय निवडावा लागतो आणि तो निवडण्याआधी विंडोजला कल्पना दिली नाही तर विंडोज उघडत नाही. तिसरी घड्याळाची. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज स्थानिक वेळ. सकाळी साडेदहाला लिनक्स बंद करून विंडोज उघडले, तर तिथे पहाटेचे पाच वाजलेले दिसतात. फरक बरोबर साडेपाच तासांचा, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेएवढा असतो. हे लक्षात आले की घड्याळाची बॅटरी बदलण्याचा खर्च वाचतो. एक आज्ञा देऊन लिनक्सलाही स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की भांडण मिटते.

खेळांसाठी घेतलेल्या लॅपटॉपांत एनव्हीडियाचे ग्राफिक्स असते आणि तिथे इन्स्टॉलर सुरू होताच पडदा काळा पडू शकतो. ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडायचा, म्हणजे कर्नल पडद्याची सूत्रे घाईने हाती घेत नाही आणि साधे चित्र उमटते. प्रणाली बसल्यावर योग्य ड्रायव्हर टाकून तो शब्द काढून टाकायचा. एनव्हीडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग मे २०२२ मध्ये खुला केला.

निदानाची रीत आणि मंडळी

या सगळ्यांतून निदानाची एक ठरावीक रीत घडली. वायफाय दिसत नसेल, तर आधी चिप कोणती हे पाहायचे. त्यासाठी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा आहे. लॅपटॉपच्या नावापेक्षा चिपेचा क्रमांक महत्त्वाचा, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपात वेगवेगळ्या चिपा निघतात. क्रमांकाचा पहिला भाग कंपनीचा असतो. ८०८६ दिसले की इंटेल, आणि १९७८ मधल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडाही तोच. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रियलटेक, १०डीई म्हणजे एनव्हीडिया. मग ‘डीमेसेज’ने कर्नलची रोजनिशी वाचायची. फर्मवेअर सापडले नाही तर कर्नल हव्या असलेल्या फाइलचे नाव तिथे स्पष्ट लिहितो. शेवटी ‘आरएफकिल’ने कळ तपासायची. तिथे ‘हार्ड ब्लॉक्ड’ पुढे ‘येस’ असेल, तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे. लॅपटॉपच्या कडेचे वायफायचे बटण बंद राहिलेले असते. आधी चिप, मग रोजनिशी, मग कळ, हा क्रम पाळला की विनाकारण फॉरमॅट मारण्याची वेळ येत नाही.

ही रीत पुस्तकांपेक्षा माणसांकडून जास्त पसरली. १९९० च्या दशकात जगभर लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळे निघाली आणि त्यांनी ‘इन्स्टॉल फेस्ट’ हा रिवाज पाडला. नवख्यांनी आपली यंत्रे घेऊन यायची आणि जाणत्यांनी समोर बसून लिनक्स टाकून द्यायचे. सांगलीत वालचंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप याच परंपरेतला. विद्यार्थ्यांच्या मंडळात चार वर्षांनी सगळी फळी बदलते, म्हणून आपल्याला ठाऊक असलेले खालच्या वर्गाला सांगून जाणे हे तिथे भाग असते. लिलोची अक्षरे ठाऊक असलेली फळी गेली आणि सिक्युअर बूट जाणणारी आली, पण मित्राच्या खोलीत लॅपटॉप घेऊन जाण्याची पद्धत तीच राहिली.

यंत्र उघडून पाहण्याची सवय या भागाला जुनी आहे. औंध संस्थानिकांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली. तिथले लोखंडी नांगर आणि पुढचे पंप, तसेच सातारा रोडच्या कूपर कारखान्यातली इंजिने गावोगावच्या फिटरच्या हातात पोहोचली. इंजिन बंद पडले तर फिटर नट सोडून आत पाही, झिजलेला भाग लेथवर करून घेई आणि बसवी. त्याला कारखान्याच्या परवानगीची गरज पडत नसे. लॅपटॉपच्या चिपेला नट नसतात. तिच्या बाबतीत ‘आत पाहणे’ म्हणजे ती कोणत्या आज्ञा ऐकते हे माहीत असणे, आणि ते माहीत असेल तरच वसतिगृहातल्या फिटरला काही करता येते.

सध्याची स्थिती

२०१६ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल ही सोय दिली. प्रॅक्टिकलपुरते लिनक्स हवे असणाऱ्यांना आता डिस्कला हात लावण्याची गरज उरलेली नाही. दुसरीकडे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ला मिळणारा नियमित आधार संपला आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणाऱ्या जुन्या लॅपटॉपांसाठी लिनक्स हा पुन्हा व्यवहार्य पर्याय ठरला. असे लॅपटॉप सात-आठ वर्षांचे असल्याने त्यांच्या बहुतेक भागांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये केव्हाच पोहोचलेले असतात. जुन्या यंत्रावर लिनक्स नव्यापेक्षा सहज बसते, हे वरकरणी उलटे वाटणारे सत्य त्यातूनच आले आहे.

बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये न घेण्याबाबत काटेकोर असलेल्या डेबियन या वितरणानेही जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून ते आत घेतले. दोर विहिरीत पडण्याचा प्रसंग त्यामुळे बराच कमी झाला. बोटाचे ठसे वाचणारी पट्टी, काही नव्या पातळ लॅपटॉपांचा कॅमेरा आणि त्यांच्या स्पीकरमागचे ॲम्प्लिफायर मात्र अजून अडून बसतात. सध्या लिनक्स टाकणाऱ्याचा आठवडा जातो तो या तीन भागांत, कारण त्यांची माहिती अजून पुरती बाहेर आलेली नाही.